चतुःसीमा

उत्तरेस हिरड्याचं झाड,
दक्षिणेस सटवोजीचा बांध,
पूर्वेस ओहोळ, पावसाळी,
पश्चिमेस रान.
बाबांना हे शुभंकरोतीसारखं पाठ होतं.
इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात डबा उघडताना
मधेच म्हणायचे, "पश्चिमेस रान,"
आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात.

पणजोबा भरमू घाडी घाट चढून आले
एक कोयता, एक बायको
आणि अडीच पायली नाचणी घेऊन.
कोयता अजून काकांकडे आहे.
पणजीचं नाव कागदावर नव्हतं,
म्हणून कुणाच्या पाठांतरातही नाही.
पहिल्या वर्षीचं पीक गव्यांनी खाल्लं,
दुसऱ्या वर्षी हिवतापानं थोरला मुलगा नेला,
तिसऱ्या वर्षी त्यांनी चार कोपऱ्यांत
चार दगड पुरले.
बाबा म्हणायचे, "कोन उपटतंय त्यास्नी?"

खानापूरच्या कचेरीत
कारकुनानं कानडी उतारा पुढं सरकवला.
अक्षरं मला परकी. सर्व्हे नंबर तेवढा भेटला,
परगावच्या लग्नात एकच नातेवाईक भेटावा तसा.
"इकून चाळीस वरसं झाली की वो,"
तो म्हणाला, चष्म्यावरून,
"आता काय बघुलासा?"
मला उत्तर आलं नाही.
फाट्यावर उतरले, चालत गेले.

शेत नव्हतं.
दोन पुरुष खोल खड्डा होता,
तळाशी हिरवट पाणी, त्यात एक चप्पल,
आणि काठावर वीटभट्टी, शांतपणे धुमसणारी.
हिरडा कुठला, बांध कुठला,
सगळ्या दिशा एकाच खड्ड्यात उतरलेल्या.

भट्टीवरची निंगव्वा कपडे आपटत होती.
मी नंबर सांगितला, हातवारे केले.
ती हसली. खड्ड्याकडे बोट करून म्हणाली,
"होल इल्ली इत्तरी. ईग इल्ल."
होल म्हणजे शेत, एवढं मला ठाऊक होतं.
बाकीचं तिच्या पोरानं समजावलं, शाळेतल्या मराठीत:
इल्ली म्हणजे इथं.
इल्ल म्हणजे नाही.

इथं आणि नाही
यांत एका वेलांटीचं अंतर.
मी दोन्ही शब्द तोंडात घोळवत उभी राहिले,
पोरगं माझे उच्चार दुरुस्त करत राहिलं.

कुठं गेली असेल माती?
कौलं होऊन, विटा होऊन, ट्रकातून,
बेळगावात कुणाच्या न्हाणीघराची भिंत झाली असेल,
गोव्यात कुणाच्या छपरावर पागोळ्या झेलत असेल.
आम्ही गेलो तशीच गेली.
आम्हाला निदान कुणी भाजलं नव्हतं,
असं वाटलं, आणि मग बाबांचे हात आठवले.

तेवढ्यात पोरगं म्हणालं, सगळी नाही गेली.
वरची हातभर माती विटेला चालत नाही,
तिच्यात मुळ्या फार, भट्टीत तडकते.
ती काढून बाजूला टाकतात.

बाजूला ढीग होता.
काळसर, भुसभुशीत, पुरुषभर उंच,
पालापाचोळा, शेणखत, घाम,
जे जे त्या दोघांनी जंगलात कालवलं होतं
ते सगळं, टाकाऊ म्हणून, शिल्लक.
आणि त्यावर घेवड्याचा वेल चढलेला,
जांभळी फुलं, शेंगा लटकलेल्या.
बी निंगव्वाचं. गोकाकाकडून येताना
लुगड्याच्या गाठीला बांधून आणलेलं.
तिची जागा नाही. तिचा नंबर नाही.
पुढच्या वर्षी मालक भट्टी हलवणार आहे.

तिनं ओंजळभर शेंगा तोडल्या,
माझ्या ओढणीत टाकल्या.
पैसे काढले तर रागावली.
मग पुन्हा धुणं धुवायला बसली,
आणि तेव्हा मला दिसला तो,
ती ज्यावर आपटत होती तो दगड:
एका अंगानं टाचलेला, दुसऱ्या अंगानं गुळगुळीत,
कोपऱ्यात पुरण्याजोगा.

असेल. नसेलही.
मी विचारलं नाही.
तिच्या नवऱ्याचा सदरा
त्यावर पाणी गाळत पडला होता.